पाच नकार, एक निरोप आणि सेंट अँड्रूजचे अठरा होल

गोल्फ खेळायला लागले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. त्याआधी हातात धरलेली सगळ्यात लांब काठी म्हणजे सांगलीच्या घरातला जळमटं काढायचा झाडू. एडिंबरात ऑफिसातल्या एकीने एका रविवारी ब्रेड हिल्सच्या सार्वजनिक कोर्सवर नेलं, तिथे शंभरातला एक फटका बरा बसला, आणि तो एक डोक्यातून गेला नाही. हे लिहितेय ते माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे ज्यांचा चेंडू दीडशे यार्डांपलीकडे जात नाही, ज्यांना बंकरची, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांची भीती वाटते, आणि तरीही ज्यांना एकदा तरी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायचं आहे.

तिथे कोणालाही खेळता येतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण ती जमीन सार्वजनिक आहे, ट्रस्ट ती चालवतो, आणि सभासदाची ओळख वगैरे काही लागत नाही. लागतो तो अधिकृत हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा तुम्हाला साधारण किती जास्त लागतात तो आकडा (कमी तितका चांगला), आणि नशीब. पहिल्या गोष्टीला मला सव्वा वर्ष लागलं.

हँडिकॅपचं गणित आधी सांगते, कारण लोक इथेच घाबरून सोडून देतात. सुरुवातीला चोपन्न होलांची कार्डं, म्हणजे फटक्यांच्या नोंदी, द्यावी लागतात, म्हणजे अठरा होलांच्या तीन फेऱ्या. फेरी सुरू करण्याआधी अ‍ॅपवर ‘आज मी कार्ड लावणार’ अशी नोंद करायची. खेळून झाल्यावर आज बरं झालं म्हणून नोंद केली तर चालत नाही. बरोबरच्या खेळाडूने कार्डाला दुजोरा द्यावा लागतो. तीन कार्डांतला सगळ्यात चांगला आकडा घेऊन त्यातून दोन वजा करतात, आणि वीस कार्डं झाली की त्यातल्या चांगल्या आठांची सरासरी धरतात. जून २०२३ मध्ये माझा पहिला आकडा आला ४३.२. ओल्ड कोर्सला ३६ पर्यंतच चालतो.

हे सगळं मी क्लबामार्फत करायचं ठरवलं. मी ज्या क्लबात अर्ज केला तिथे तो सात आठवडे कुणाच्या तरी खणात पडून होता. चौकशीला गेले तर ‘कमिटीपुढे ठेवतो’. मग हिवाळा आला. आमच्याकडे हिवाळ्यात तात्पुरत्या ग्रीन (होलभोवतीची बारीक गवताची जागा) करतात आणि त्या दिवसांतली कार्डं धरत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च आकडा हलला नाही. मे २०२४ मध्ये ३५.८ आणि ऑगस्टमध्ये ३३.१. नवऱ्याचा २२ आहे. त्याने तो कसा मिळवला हे तो सगळ्यांना सांगतो, म्हणून इथे लिहीत नाही.

सप्टेंबरचा पहिला आठवडा ठरवला. शनिवारी ७ तारखेला गणपती, त्याच्या आत जे व्हायचं ते होऊ दे. ओल्ड कोर्सची बॅलट, म्हणजे चिठ्ठ्यांची सोडत, दोन दिवस आधीची असते. सोमवारी खेळायचं असेल तर शनिवारी दुपारी दोनच्या आत नावं टाकायची, संध्याकाळी निकाल. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार खेळाडू, प्रत्येकाचा हँडिकॅप आणि क्लब. घरी बसून होतं, दहा मिनिटांचं काम. शनिवार ३१ ऑगस्टला पहिली चिठ्ठी टाकली. पाच वाजता नकार. रविवारी टाकली, नकार. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, रोज दुपारी टाकायची, रोज संध्याकाळी नकार. चौथ्या दिवशी मी निकाल उघडण्याआधी देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते. त्या नकाराच्या मेलची भाषा फार सभ्य असते, त्यामुळे जास्त राग येतो.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट आम्ही शहाणपणाची केली. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतं आणि सगळा कोर्स गावाचा बाग होतो. लोक कुत्री फिरवतात, मुलं पळतात. आम्ही १ सप्टेंबरला एडिंबराहून ल्युकर्सपर्यंत तासाभराची रेल्वे आणि पुढे ९९ नंबरची बस धरून गेलो आणि सगळे होल उलटे चाललो, म्हणजे ग्रीनकडून टीकडे, जिथून होलचा पहिला फटका मारतात तिकडे. हे जरूर करा, फुकट आहे. टीवर उभं राहिलं की कोर्स काहीच सांगत नाही, सगळं हिरवं सपाट दिसतं. ग्रीनवरून मागे वळून पाहिलं की एकेक बंकर तोंड उघडून बसलेला दिसतो. बाराव्या होलवर तर मी थांबलेच. टीवरून तिथे फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध काहीही दिसत नाही. ग्रीनकडून पाहिलं तर रांगेने खड्डे. पूर्वी हा कोर्स उलट दिशेनेही खेळत, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांना ते समोर दिसायचे आणि आता इकडून जाणाऱ्यांना दिसत नाहीत. मी वहीत प्रत्येक होलचं चित्र काढलं आणि जिथे चेंडू जायलाच नको तिथे फुली मारली. कुठे मारायचा याची एकही खूण केली नाही. ती वही पुढे कामाला आली.

आदल्याच रविवारी याच कोर्सवर लिडिया को विमेन्स ओपन स्पर्धा जिंकली होती. नवरा पुण्याचा, त्यामुळे तो मात्र २०१५ च्या पुरुषांच्या ओपनची आठवण काढत होता. आपला गोल्फर अनिर्बन लाहिरी इथे तिसावा आला होता आणि त्याचा जन्म पुण्यातला, ही माहिती मला त्या एका दुपारी तीनदा मिळाली.

जोडीने नंबर लागत नाही म्हटल्यावर उरला एकट्यांचा ड्रॉ. पूर्वी एकटे खेळाडू रात्रभर रांगेत बसायचे, थंडीत, झोपायच्या पिशव्या घेऊन. २०२४ पासून ते बंद झालं. आता आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, हँडिकॅप दाखवायचा आणि संध्याकाळी निरोपाची वाट बघायची. दोन-तीन जणांच्या गटात जागा रिकामी असेल तिथे तुम्हाला बसवतात. गुरुवारी ५ तारखेला आम्ही दोघांनी वेगवेगळं नाव दिलं, एका बी अँड बीमध्ये एकशे पाच पौंडांची खोली घेतली आणि वेळ काढायला ‘हिमालयाज’वर गेलो. हे ओल्ड कोर्सला लागून असलेलं पटिंगचं, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलण्याचं मैदान. १८६७ मध्ये इथे बायकांचा पटिंग क्लब निघाला, कारण बायकांनी खांद्यावरून काठी फिरवणं तेव्हा शोभत नसे. चढउतार असे की नाव बरोबर आहे. थोड्या पैशांत तासभर खेळता येतं आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रीनचा अंदाज येतो. बाहेरून आलेल्या कोणालाही मी हेच सांगेन, ड्रायव्हिंग रेंजवर घाम गाळू नका, इथे या.

निरोप आला तेव्हा आम्ही सूप पीत होतो. माझं नाव लागलं होतं, दुपारी दोनची वेळ. नवऱ्याचं नव्हतं.

तो दोन मिनिटं सूपकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ठीक आहे, मी चालतो बरोबर.’ मला आनंद दाखवता येईना आणि लपवताही येईना.

सांगलीला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, ‘किती?’ मी म्हटलं, तीनशे वीस पौंड. तिने मनात गुणाकार केला. ‘म्हणजे पस्तीस हजार. अगं, अर्धा तोळा सोनं आलं असतं.’ मग थोडं थांबून, ‘आणि उद्या हरतालिका आहे, लक्षात आहे ना? उपास करून उन्हात हिंडणार?’ ऊन नव्हतं, ही एक जमेची बाजू. उपास मी केला. बॅगेच्या ज्या कप्प्यात लोक चेंडू ठेवतात तिथे खजूर आणि राजगिऱ्याच्या वड्या होत्या.

कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, घ्यायचा की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. घ्या. २०२४ मध्ये फी आणि टिप मिळून शंभर पौंडांच्या आसपास गेले, रोख ठेवा. माझे कॅडी सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांचं इंग्रजी पहिले तीन होल मला निम्मंच कळलं. त्यांनी विचारलं, ‘तुमचा सगळ्यात लांब फटका किती?’ मी दीडशे म्हटलं. ‘खरा सांगा.’ मी एकशे चाळीस म्हटलं. ‘मग आपलं जमेल,’ म्हणाले. माझ्या वहीतल्या फुल्या पाहून ते एकदाच हसले आणि त्यात चार फुल्या त्यांनी स्वतःच्या घातल्या.

गटात कॅनडाहून आलेले बाप-लेक होते. पहिल्या टीवर मागे क्लबहाऊस, कडेला कठड्याला टेकून बघणारी माणसं. हात थरथरतात हे गृहीत धरा. दिलासा एवढाच की पहिल्या आणि अठराव्या होलचा फेअरवे एकच आहे, शंभर यार्डांहून रुंद, त्यावर एकही बंकर नाही. उजवीकडे हद्द आहे, म्हणून नेम डावीकडे. माझा चेंडू जेमतेम नव्वद यार्ड गेला, पण सरळ. ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन नावाचा ओढा आहे. कॅडींनी बॅगेतून सात नंबरचं आयर्न काढून दिलं. मला त्याहून लांब जाणारं हायब्रिड हवं होतं. ‘ओढ्यापर्यंत पोचेल असं काहीच मारायचं नाही. अलीकडे थांबायचं, मग एकदाच ओलांडायचं, आणि ओलांडताना मागे गेला तरी चालेल.’ तीन फटक्यांत अलीकडे, चौथ्यात पलीकडे, दोन पट. सहा. कोर्सच्या हिशेबाने मला प्रत्येक होलला साधारण दोन फटके जास्तीचे होते, म्हणजे हा माझा पारच (पार म्हणजे त्या होलला ठरलेले फटके). तिथे मान जरा मोकळी झाली.

पुढचे चार होल एकाच वाक्यात सांगता येतील: डावीकडे मारा. उजवीकडे झुडपं आणि खड्डे, डावीकडे परतीच्या होलांचे फेअरवे. फक्त डावीकडून कायम ग्रीनचा कोन वाईट मिळतो, हे या कोर्सचं लबाडीचं गणित. चांगल्या खेळाडूला ते महागात पडतं, आपल्याला नाही, कारण आपण तसेही दोन फटक्यांत ग्रीनवर जाणार नसतो. पाचव्याला उजवीकडे सात बंकरांचा घोळका आहे. मी त्यांच्यापासून इतकी लांब डावीकडे गेले की चौदाव्याच्या खेळाडूंनी हात केला.

पाचव्याची ग्रीन तेराव्याबरोबर जोडलेली आहे. इथे अशा सात जोडग्रीन आहेत आणि जोडीतल्या दोन होलांची बेरीज दर वेळी अठरा येते. जाताना पांढरं निशाण आपलं, येताना लाल. मी खुशाल लाल निशाणाकडे पट करायला उभी राहिले होते. चूक कळल्यावर पांढरं पाहिलं तर चेंडूपासून बावन्न पावलं. मोजली. कालच्या हिमालयाजमुळे तीन पटांत संपलं, नाहीतर पाच लागले असते.

नवव्यानंतर खजूर. नवऱ्याने माझ्यासमोर कॉफी आणि बेकन रोल घेतला, हे नोंदवून ठेवते.

मग अकरावा. तीन पारचा, जेमतेम दीडशे यार्ड, खाडीकडून वारा. ग्रीन आपल्याकडे उतरती आणि पुढे दोन बंकर, डावीकडे हिल, उजवीकडे स्ट्रॅथ. कॅडी म्हणाले, ‘हा चार पारचा समजा. अलीकडे थांबा.’ मला मात्र आदल्या तीन होलांत बरं जमल्याचा माज आला होता. ड्रायव्हर मागितला. त्यांनी दिला, काही बोलले नाहीत. चेंडू उंच गेला, वाऱ्याने धरला, आणि स्ट्रॅथमध्ये पडला.

या बंकरची पुढची भिंत गवताच्या विटा एकावर एक रचल्यासारखी असते, उभी. चेंडू तिच्यापासून हातभर. मी खाली उतरले तेव्हा ग्रीन दिसेनाशी झाली, फक्त निशाणाचं टोक आणि आकाश. पहिला फटका भिंतीला लागून माझ्या पायाशी आला. दुसरा भिंतीला लागून थोडा मागे गेला. वाळू डोळ्यांत, बुटांत, तोंडात. वरून कॅडींचा आवाज आला, ‘बाई, मागचं दार उघडं आहे.’ मी वळून पाहिलं. मागची बाजू गुडघ्याएवढीच होती. ग्रीनकडे पाठ करून चेंडू टीच्या दिशेला बाहेर काढला. एकूण आठ. चालताना त्यांनी सांगितलं की १९२१ मध्ये बॉबी जोन्स याच होलवर, पलीकडच्या हिलमध्ये अडकला आणि त्याने फेरीच सोडली, आणि सहा वर्षांनी येऊन इथेच ओपन जिंकला. ‘तुम्ही फेरी सोडू नका, तुम्ही पैसे भरलेत.’ टायगर वूड्सने २००० च्या ओपनमध्ये चारही दिवस एकशे बारा बंकरांपैकी एकातही चेंडू घातला नव्हता, तो आकडा मला त्या दिवशी नीट कळला.

चौदाव्यावर मी कॅडींचं ऐकलं. उजवीकडे दगडी भिंत, तीच हद्द. डावीकडे बीअर्डीज नावाचे चार बंकर, आणि फेअरवेच्या पुढच्या टप्प्यावर हेल, म्हणजे नरक, दीड पुरुष खोल. १९९५ मध्ये जॅक निकलॉसला इथे दहा लागले. युक्ती अशी की नरकाशी भांडायचंच नाही. भिंत आणि बीअर्डीजच्या मधून छोटा फटका, मग सरळ डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर निघून जायचं आणि तिथून तिरकं ग्रीनकडे यायचं. रस्ता वीसएक यार्डांनी लांबतो. सात लागले. कॅनडाचा मुलगा नरकात गेला, बाप वरून फोटो काढत होता.

सोळाव्याला मधोमध प्रिन्सिपल्स नोज नावाचे तीन बंकर, उजवीकडे जुन्या रेल्वेची हद्द. बंकर आणि हद्दीच्या मधली गल्ली मोहात पाडते. वहीत तिथे दोन फुल्या होत्या. डावीकडून गेले.

सतरावा रोड होल. पुरुषांच्या ओपनला हा ४९५ यार्डांचा पार चार असतो, आमच्या लाल टीवरून सव्वाचारशेच्या आसपास आणि पार पाच. उजवीकडे हॉटेलला लागून जुन्या रेल्वेच्या शेडची नक्कल आहे आणि तिच्या भिंतीवरच्या नावातल्या कुठल्या अक्षरावरून मारायचं हे मोठे खेळाडू ठरवतात. आपण अक्षरं वाचायची आणि डावीकडे मारायचं. खरा प्रश्न ग्रीनचा. ती अरुंद, तिरकी, चौथऱ्यासारखी उंच. पुढे डाव्या कुशीत रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. रस्ता कोर्सचाच भाग, तिथे चेंडू गेला तर तिथूनच मारायचा, सवलत नाही. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा ग्रीनवर होता, पट केला, तो घरंगळत रोड बंकरमध्ये गेला, होलला नऊ लागले.

माझे पहिले दोन बरे गेले, तिसरा जमिनीला घासत चाळीस यार्ड. निशाण नेमकं बंकरच्या पाठीशी. कॅडींनी बोट उजवीकडे केलं, ग्रीनच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे, निशाणाकडे नाहीच. ‘तिथे सोडा. मग पटर घ्या.’ चौथा तिथे सुटला. ग्रीनच्या बाहेरून, पंधरा पावलांवरून, चढावर पटर. २०२२ च्या ओपनमध्ये कॅमेरॉन स्मिथने याच बंकरला पटरने वळसा घातला होता, हे नवऱ्याने कुजबुजत सांगितलं. मी वळसा वगैरे घातला नाही, नुसता वर ढकलला. अजून दोन पट. सात. अकराव्याच्या आठाइतकाच तो सात माझ्या डोक्यात पक्का बसलाय, पण वेगळ्या कारणाने. तिथे एकही फटका देखणा नव्हता आणि एकही वाया नव्हता.

नवऱ्याने विचारलं, ‘बंकरात उतरून एक फोटो?’ कॅडींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

अठराव्यावर स्विल्कनच्या पुलावरचा फोटो पटकन काढा, मागे लोक थांबलेले असतात. नेम क्लबहाऊसच्या घड्याळावर. ग्रीनपुढे व्हॅली ऑफ सिन हा खळगा आहे, अलीकडे पडलेला चेंडू त्यात मागे येतो. म्हणून शेवटच्या फटक्याला एक नंबर लांब जाणारी काठी. मी घेतली, तरी खळग्यात गेले, दोनदा वर ढकलावा लागला. कठड्यावरच्या एका बाईने तरीही टाळी वाजवली. एकूण १२३.

हिशेब: कोर्स ३२०, कॅडी ९५, खोली १०५, दोघांचं दोन खेपांचं रेल्वे-बसचं भाडं वेगळं. खरंच जाणार असाल तर हँडिकॅपचा पुरावा फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. मला काउंटरवर विचारला तेव्हा नेमकी रेंज नव्हती.

घरी पोचलो तेव्हा आमचे साडेनऊ, सांगलीत रात्रीचे दोन. आई जागरणाला बसलेली, शेजारणी जमलेल्या, मागे कुणीतरी गाणी म्हणत होतं. मी दारात बूट काढून उलटे धरले आणि स्ट्रॅथची वाळू वर्तमानपत्रावर सांडली, बरीच निघाली. व्हिडिओवर आईला दिसलं.

‘ते काय गं?’

‘वाळू. खड्ड्यात गेले होते.’

‘मग बसलीस काय? हातपाय धू आणि पिंड कर. पूजा राहिलीय तुझी.’